थोरली, धाकटी आणि माणिकअप्पा

२३ नोव्हेंबर, रविवार. दुकान बंद आहे. सकाळपासून माणिकअप्पांच्या नोटांची यादी करत बसले आहे. उद्या आठ वाजता हैदराबादचा व्यापारी त्यांच्या घरी येणार, त्याच्यापुढे ठेवायला यादी हवी. त्यांच्या बायकोला, काकूंना, इंग्रजी लेबलं वाचता येत नाहीत आणि घरात दुसरं कुणी नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

अठ्ठेचाळीस नोटा आहेत. सत्तेचाळीस लिहून झाल्या. एक राहिली. तिच्या लेबलावर ‘त्रेपन्न’ असा चांगला आकडा छापला आहे, आणि तो खरा नाही. हे मला माहीत आहे, काकूंना माहीत आहे. व्यापाऱ्याला माहीत नाही. तिच्यापुढे काय लिहायचं ते ठरेना, म्हणून ती बाजूला ठेवली आणि आधी अप्पांबद्दल लिहायला घेतलं.

बसवकल्याणला स्टँडजवळ माझं झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि कुरिअरचं दुकान आहे. अप्पा पहिल्यांदा आले ते एक पातळ पाकीट घेऊन. आत काय आहे, विचारलं. म्हणाले, नोट.

“नोटा कुरिअरनं जात नाहीत, अप्पा. कंपनीचा नियम आहे.”

“चालणारी न्हाई जात. ही मेलेली नोट हाय, अक्का. निजामाची. मेलेल्याला कुठला नियम?”

मी पाकीट उघडून बघितलं. हैदराबाद संस्थानाची हाली नोट होती. संस्थान गेलं आणि काही वर्षांत ह्या नोटाही चलनातून गेल्या. मधोमध उर्दू, आणि रक्कम तेलुगू, कन्नड आणि मराठीतही लिहिलेली. मी ती बोटात धरली तसे अप्पा काउंटरवर हात आपटून म्हणाले, “अगं, तेलाचा हात!” मी नुकतीच भजी खाल्ली होती हे खरं आहे. तेव्हापासून अप्पा दुकानात आले की मी आधी हात धुऊन येत असे. ते धुतलेत का, हे ते डोळ्यांनीच विचारत.

अप्पा बँकेत कॅशियर होते. आळंद, औराद, कमलनगर, शेवटी बसवकल्याण. आयुष्यभर नोटा मोजल्या, पण नोट मोजताना बोटाला थुंकी कधी लावली नाही. शिवाय नोटेची घडी घालत नसत. कुठलीच नोट, अगदी आजची दहाचीसुद्धा. शर्टाच्या आतल्या बाजूला काकूंकडून एक लांबट खिसा शिवून घेतला होता, त्यात नोटा सपाट राहत. बसमध्ये तिकिटाला नोट काढायची तर आधी दोन गुंड्या सोडाव्या लागत. कंडक्टर म्हणायचे, “अप्पा, छातीचा फोटो काढायचाय का?” अप्पा शांतपणे नोट काढून पुढे करायचे. कंडक्टर ती बोटांत उभी दुमडून धरायचा, तसे सगळेच धरतात. अप्पा तोंड खिडकीकडे फिरवायचे.

“घडी पडली की पडली,” असं ते म्हणत. “इस्त्री केली तरी कागदाला याद ऱ्हाते.”

आता थोरली आणि धाकटी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जुन्या नोटा जमवणाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास नसतो. म्हणून मधे तिसरा माणूस लागतो. काही कंपन्या हेच काम करतात. त्यांच्याकडे नोट पाठवायची. त्या ती खरी की बनावट ते बघतात, तिची अवस्था बघतात, सत्तरपैकी आकडा देतात, आणि कडक प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद करून वर लेबल लावून परत पाठवतात. कागद मूळचा असेल तर तसा शेरा मिळतो. धुतलेली, चिकटवलेली, दाबलेली असेल तर तसाही शेरा पडतो. मग बाजारात लोक नोट बघत नाहीत, लेबल बघतात.

अप्पांनी त्यातल्या दोन धरल्या होत्या. एक परदेशातली. फी डॉलरात, नोट मुंबईच्या एका माणसामार्फत जायची, परत यायला पाच-सहा महिने. ही थोरली. दुसरी आपल्याच देशातली, फी कमी, तीन आठवड्यांत नोट घरी. ही धाकटी. जशा घरातल्या दोन जावा. थोरली कमी बोलते, उशिरा वाढते, पण मीठ बरोबर असतं. धाकटी हसून ताट पुढं करते. हे त्यांचं बोलणं. काकू आतून ओरडायच्या, “तुमाला कुठली जाऊ वाढायलीय? मीच वाढायले की रोज!”

दोघींत कोण बरोबर, हे ठरवायचा अप्पांनी जो प्रयत्न केला तो मी जवळून बघितला, कारण सगळी पाकिटं माझ्याच दुकानातून गेली. त्यांच्याकडे हाली एक रुपयाच्या दोन नोटा होत्या, लागोपाठ नंबरच्या, एकाच गड्डीतल्या. एक थोरलीकडे पाठवली, एक धाकटीकडे. थोरलीने एकसष्ट दिले. धाकटीने चौसष्ट. दुसरा कुणी इथेच थांबला असता. अप्पांनी ब्लेड घेऊन दोन्ही सीलबंद पाकिटं कापली आणि नोटांची अदलाबदल करून पुन्हा पाठवल्या.

“अप्पा, दोनदा फी भरलीत,” मी म्हणाले.

“मापाला माप लावून बघायला नको व्हय?”

सहा महिन्यांनी दोन्ही आल्या. धाकटीकडून एकसष्टवाली पासष्ट होऊन आली. थोरलीने चौसष्टवालीला साठ दिले. अप्पा माझ्या काउंटरवर दोन्ही पाकिटं शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ उभे राहिले. मागे चार माणसं आधार कार्डाच्या झेरॉक्सला थांबली होती.

“काय कळलं?” मी विचारलं.

“थोरलीचा हात आखडता हाय, धाकटीचा सैल. पन दोघी बी आपल्या आपल्या मापाला धरून हायेत. माप म्हाईत असलं की झालं.” मग म्हणाले, “खोटं कुनी बोलंना झालंय, एवढं बरं हाय.”

ह्या आकड्यांची सवय लागून ते माणसांनाही नंबर देत. तहसीलमधला एक क्लार्क त्यांच्या मते पस्तीस होता, “घड्या लई, पन फाटलेला न्हाई.” एका पुढाऱ्याला त्यांनी नंबरच दिला नाही, नुसता शेरा दिला: चिकटवलेला. मी एकदा विचारलं, माझा किती? म्हणाले, “तू चलनात हायस अक्का. चलनातल्या नोटेला नंबर लावत न्हाईत. रोज हजार हात लागायलेत तुला.” मला ते पटलं. काम असलं की मला कौतुक सुचत नाही, आणि त्यांनाही सुचत नव्हतं, म्हणून आमचं जमलं.

आता राहिलेल्या नोटेकडे येते.

ती आणणारी नागूबाई निंबर्ग्याची. आळंद तालुक्यातलं गाव. घरात पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती आणि मजुरी. आळंदच्या बँकेत तिचं खातं होतं म्हणून ती अप्पांना ओळखत होती. नातीला गुलबर्ग्याला नर्सिंगला घालायचं होतं. सासूच्या देवाच्या पेटीत एक जुनी नोट सापडली, ती दोन फडक्यांत ठेवून घेऊन आली. दहा रुपयांची हाली नोट. कुठेही घडी नाही. पण मागची बाजू हळदी-कुंकवाने माखलेली, थरावर थर.

अप्पांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. कॅशियर म्हणून दर दिवाळीनंतर लक्ष्मीपूजनातल्या पिवळ्या-लाल नोटा त्यांच्याकडे गड्ड्यांनी यायच्या. त्याचा त्यांना भारी राग होता. “लक्ष्मीचं तोंड रंगवून ठेवतेत,” म्हणायचे. ही नोट त्यांना त्यातलीच वाटली. त्यांनी तिला सांगितलं, हा डाग निघाला तर नोटेला चांगला नंबर मिळेल, नातीचं काम होईल.

“काडा की मग,” नागूबाई म्हणाली.

तिने काही सांगितलं नाही. त्यांनी काही विचारलं नाही.

अप्पांनी नोट रिठ्याच्या पाण्यात पसरट ताटात ठेवून धुतली. टीपकागदात टिपली. काकूंच्या पाट्याखाली चार दिवस दाबली. चार दिवस त्या घरात चटणी वाटली गेली नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात नोटेला ओलं बोट लावलं नव्हतं, त्याने हे केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “माझ्यासाठी न्हाई करायलोय. पोरीचं काम हाय.”

कॉलेजची फी जवळ आली होती, म्हणून नोट धाकटीकडे पाठवली. तीन आठवड्यांत आली. त्रेपन्न. शेरा काही नाही. अप्पा इतके खुश झालेले मी कधी बघितले नव्हते. नागूबाईला फोन करून माझ्याच दुकानात बोलावलं. तिने प्लास्टिकचं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“कुकू कुठं गेलं?” तिने विचारलं.

“काढलं की. डाग व्हता त्यो,” अप्पा म्हणाले.

तेव्हा ती माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि तिने सांगितलं. सासरा मेंढरं घेऊन गेला तो रझाकारीच्या दिवसांत. जाताना बायकोच्या हातात ही नोट देऊन गेला. मेंढरं परत आली नाहीत, तो आला नाही, कुणी त्याचं मढं बघितलं नाही. वर्षभराने भावकीतली माणसं आली, म्हणाली, बांगड्या फोड. सासू म्हणाली, मेल्याचं कुणी बघितलंय का? दाखवा, मग फोडते. आणि त्या दिवाळीला, पाडव्याच्या दिवशी, बायका नवऱ्याला ओवाळतात त्या वेळेला तिने पाटावर ही नोट ठेवली, तिला हळद-कुंकू लावलं आणि ओवाळलं. त्यानंतर दर पाडव्याला. मरेपर्यंत बाईच्या कपाळाला कुंकू होतं.

दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते मी बंद केलं.

“तिनं जल्मभर लावलेलं तुमी एका दुपारात काडलाव,” नागूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “पन म्या कोन बोलनार? म्या तर इकायलाच आनली व्हती.”

अप्पा पाकीट हातात घेऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “ही नोट मी घेतो. लेबलाचा जो भाव हाय तो देतो.” आणि दिला. नागूबाईने घेतला. तिला गरज होती, घेण्यात काही चूक नव्हती. नात आज गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे.

काकूंनी मात्र त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. स्वयंपाकघरावर पत्रे टाकायला ठेवलेले पैसे होते ते. “कामून घेतलाव? दुसऱ्याला इकायची व्हती त्याच भावाला!”

“धुतलीय ती.”

“लेबलावर हाय का धुतलीय म्हनून?”

“न्हाई. तेच तर.”

त्यांना ती नोट विकता येईना. धुतलेली म्हणून सांगितली तर चौथा हिस्साही यायचा नाही. न सांगता विकणं त्यांना जमणार नव्हतं. पत्रे दोन वर्षांनी बसले.

त्या दिवसानंतर अप्पांनी कुठल्याच नोटेला पाणी लावलं नाही. इतकंच नाही, गावोगावचे लोक नोटा दाखवायला येत, त्यांना आधी विचारत: कुणाची? कुठं ठेवली व्हती? कामून ठेवली? एकाने कंटाळून म्हटलं, “अप्पा, नोटेचा भाव सांगा, आमची सोयरीक जुळवायलात काय?” अप्पा म्हणाले, “भाव सोप्पा हाय. ते लेबलवाले बी सांगत्यात.”

धाकटीवरचा त्यांचा भरवसाही गेला. मला वाटलं हा अन्याय आहे, तसं बोलून दाखवलं. तिला कुठून कळणार कुंकवाचं? अप्पा म्हणाले, कुंकवाचं नको, पाण्याचं तरी कळायला पायजे होतं. कागद भिजून वाळला की त्याचा आवाज बदलतो. थोरलीने ओळखलं असतं. मी विचारलं, कशावरून? तेच त्यांना खात होतं असं मला वाटतं. थोरलीनेही ओळखलं नसतं तर काय, ह्याची त्यांना भीती होती. म्हणून ते कित्येक वर्षं नुसते म्हणत राहिले, पाठवायची, पाठवायची. नोट कपाटात, लेबल खाली करून.

ह्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी चारच्या सुमाराला अप्पा दुकानात आले. चेहरा उतरला होता, चालताना उजवा पाय ओढत होते. आतल्या खिशातून ते पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

“थोरलीचा फॉर्म भर,” म्हणाले. “धुतलेली म्हनून आपनच लिहायचं. तिनं तसं लेबल लावून द्यावं.”

“अप्पा, डॉलरात फी भरून कमी नंबर कोण मागतं?”

“म्या मागायलोय.”

मी घड्याळ बघितलं. कुरिअरची गाडी साडेतीनला जाते. फॉर्म मोठा होता, समोर शिष्यवृत्तीच्या अर्जांची रांग होती, शेवटची तारीख होती. मी म्हणाले, “आज गाडी गेली, अप्पा. सोमवारी या. निवांत भरू.”

ते म्हणाले, “बरं.” पाकीट उचललं. दोन गुंड्या सोडल्या, ते आतल्या खिशात सरकवलं, गुंड्या लावल्या. रांगेतली पोरं त्यांना जागा द्यायला बाजूला झाली. पायऱ्या उतरताना त्यांनी दाराची चौकट धरली, मग सोडली, आणि स्टँडकडच्या गर्दीत कडेकडेने गेले.

रविवारी सकाळी आंघोळीला जाताना पडले ते उठले नाहीत.

गाडी गेली होती हे खरं आहे. फॉर्म तरी भरून ठेवता आला असता, हेही खरं आहे. दोन्ही लिहून ठेवते.

आज दुपारी मी काकूंना सरळच विचारलं, ह्या नोटेपुढे काय लिहू?

काकू शेंगा फोडत होत्या. “लेबलावर काय हाय?”

“त्रेपन्न.”

“मग त्रेपन्न लिही. त्यात तुजं काय खोटं हाय?”

“शेऱ्याचा रकाना आहे.”

“रिकामा सोड. ह्यांच्या खरेपनापायी दोन पावसाळे मी गळक्या छपराखाली भाकरी थापलीय, सुमन. चुलीवर छत्री धरली व्हती, छत्री. आता माजं मला मिळायलंय तर मिळू दे.”

नोट त्यांची आहे. मी त्रेपन्न लिहिलं, शेरा रिकामा सोडला, आणि एवढंच म्हणाले, “मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

“तुला कोन इचारायलंय?” काकू म्हणाल्या आणि टरफलं सुपात गोळा करायला लागल्या.

सोमवार. आठला पाच मिनिटं असताना व्यापारी आला. सभ्य माणूस. हात धुऊन, स्वतःच्या रुमालाला पुसून बसला. मला ते आवडलं. एकेक पाकीट उजेडात धरून बघत होता आणि यादीवर खूण करत होता. अठ्ठेचाळिसावं हातात घेतल्यावर बराच वेळ बघत राहिला.

“ये अच्छी है, अम्मा. इसका मैं पूरा देतौं.” मग सवयीने, मान वर न करता विचारलं, “धोया-विया कुछ नै ना?”

हे त्याने कुणाला विचारलं ते कळलं नाही. मी काकूंकडे बघितलं. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कपाळ मोकळं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच बोलल्या.

“धुतलेली हाय. ह्यांनी धुतली. माज्या पाट्याखाली दाबली, चार दिवस.”

व्यापाऱ्याने लेबल पुन्हा वाचलं. “लेबल पे तो नै लिखा, अम्मा.”

“लेबलवाल्यानं कुठं धुतलीय?” काकू म्हणाल्या. “च्या घे. निवायलाय.”

त्याने चहा घेतला. सत्तेचाळीस नोटा घेतल्या, ठरल्या भावाने, घासाघीस न करता. ती एक परत काकूंपुढे सरकवली आणि हात जोडून गेला.

काकू पाकिटाकडे बघत बसल्या. मला वाटलं रडतील, पण तसं काही झालं नाही. म्हणाल्या, “मी हाय तवर मी सांगीन. मी मेल्यावर कोन सांगंल? लिही त्याच्यावर.”

“कशावर?”

“पलास्टिकवर. मोठ्या अक्षरात लिही, दिसंल असं.”

कुरिअरच्या पार्सलांवर पत्ते लिहायचा जाड काळा मार्कर माझ्या पर्समध्ये असतोच. मी तो काढला आणि लेबलावरून, त्रेपन्नच्या आकड्यावरून आडवं लिहिलं: धुतलेली. शाई वाळेपर्यंत थांबले. मग दुकान उघडायला गेले.